कंबरदुखीसाठी सोनोग्राफी: करावी का, आणि कोणती?

चौथी_सीट
नमस्कार मंडळी. वय बेचाळीस, नोकरी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), बैठं काम, राहायला डोंबिवली. कंबर अधूनमधून धरते ते जुनंच आहे. पण यंदाच्या पावसाळ्यापासून उजव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा खाली, सतत ठणका लागलाय. फार वेळ उभं राहिलं किंवा मागे वाकलं की वाढतो, पुढे झुकून बसलं की बरं वाटतं. पायात मुंग्या, बधिरपणा काही नाही. पण कुर्ल्याला उतरताना मागून रेटा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

ऑर्थोपेडिकनी एमआरआय करून घेतला. रिपोर्टात 'एल४-एल५ला सौम्य डिस्क बल्ज, फॅसेट सांध्यांची झीज' असं आहे, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी जराशी फुगलीय आणि मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे झिजलेत. मग फिजिओकडे गेलो. तिथे कमरेला जेल लावून अल्ट्रासाउंड दिला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता एका पेन क्लिनिकमध्ये 'सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देऊ' म्हणतायत. शेजारच्या काकूंचं मत असं की आधी पाठीची सोनोग्राफी कर, त्यात सगळं कळतं.

आता माझा गोंधळ असा: फिजिओकडे अल्ट्रासाउंड घेतलाच होता, मग त्यात काही दिसलं कसं नाही? आणि एमआरआय झालाय तर इंजेक्शनला पुन्हा सोनोग्राफी कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस_तात्या
डोंबिवली ते बीकेसी रोज उभ्याने? निदान झालं. फी ऑनलाइन पाठवा.

गोरेगावकरीण
तात्या, तुमचं आपलं काहीतरीच. सचोटीने सांगते, आमच्या ह्यांची कंबर अशीच दुखत होती, डाव्या बाजूला. सगळे म्हणाले स्नायू धरला असेल, शेक द्या. रात्री दोनला उलट्या सुरू झाल्या, कुठल्याच कुशीवर पडवेना. सकाळी पोटाची सोनोग्राफी केली तर किडनीला सूज आणि मूत्रनलिकेत खडा! त्यामुळे माझं मत, सोनोग्राफी करून टाकावी.

परळची_प्रोब
मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर हेच करते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

@चौथी_सीट, फिजिओकडे घेतलात तो उपचार, तपासणी नव्हे. ते मशीन साधारण १ किंवा ३ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी आत सोडतं, हेतू ऊतींना ऊब देण्याचा. परत आलेला प्रतिध्वनी टिपायची सोयच त्यात नसते, मग चित्र कुठून येणार? आमचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतो ते उपकरण, लहर सोडतो आणि लगेच कान देऊन बसतो. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आणि किती जोरात आला, यावरून पडद्यावर चित्र उमटतं. कमरेसाठी आम्ही बहुतेक वेळा २ ते ५ मेगाहर्ट्झचा बाकदार प्रोब घेतो. फ्रीक्वेन्सी वाढवली तर चित्र बारीक येतं, पण लहर खोलवर पोचत नाही. मनगटाची नस बघायची तर चालतं, कमरेत आठ-दहा सेंटिमीटर आत जायचं असतं.

आता काकूंच्या 'सगळं कळतं' बद्दल. हाड लागलं की आमचा खेळ संपतो. लहर बरीचशी उलट फिरते, उरलेली हाडातच जिरते. पडद्यावर हाडाची झगझगीत पांढरी कड दिसते आणि तिच्यामागे नुसता काळोख. डिस्क, नसा, मज्जारज्जूचा कालवा हे सगळं त्या काळोखात. दोन मणक्यांमधल्या फटीतून थोडं आत डोकावता येतं, भूलतज्ज्ञ त्याचा उपयोगही करतात, पण नस दबली आहे की नाही हे तिथून ठरत नाही. तान्ह्या बाळांचं वेगळं. पहिले काही महिने त्यांच्या मणक्यांच्या मागच्या कमानी बऱ्याचशा कूर्चेच्या असतात, त्यामुळे मज्जारज्जू छान दिसतो. बेचाळिशीच्या माणसाला ती सवलत नाही. अमेरिकेतल्या अल्ट्रासाउंड तज्ज्ञांच्या संस्थेनेही, एआययूएमने, आपल्या अधिकृत निवेदनात म्हटलंय की मोठ्या माणसांत डिस्क किंवा फॅसेटच्या निदानासाठी याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तेव्हा कुणी पाठीवर प्रोब फिरवून 'तुमची गादी सरकलीय' म्हणालं तर तिथून उठावं.

गोरेगावकरीणताईंचा अनुभव अगदी खरा आहे, पण ती पोटाची सोनोग्राफी. दुखणं कळांनी येणारं, कुशीपासून जांघेकडे उतरणारं, हालचालीशी संबंध नसलेलं असेल तर किडनी बघायलाच हवी. त्यातही मूत्रनलिकेच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत निसटू शकतो, मग सीटी लागतो. आणि आपल्या मुंबईत एक गोष्ट विसरून चालत नाही, मणक्याचा टीबी. त्यात मणक्याशेजारच्या सोआस स्नायूत पू साचतो. तो पोटाच्या बाजूने सोनोग्राफीत दिसतो आणि तिथेच बघत सुईने काढून तपासणीला पाठवता येतो. मणक्याची अवस्था मात्र एमआरआयच सांगतो.

रिपोर्टातल्या 'बल्ज'ने घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत आला होता. त्यात वयाच्या विशीत ३० टक्के, चाळिशीत ५० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांना बल्ज निघाला. म्हणजे तुमच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्या, तुमच्या वयाच्या, काही न दुखणाऱ्या निम्म्या लोकांना तो असणार.

चौथी_सीट
डॉक्टर, फारच उपयोगी. म्हणजे फिजिओने दिला तो अल्ट्रासाउंड फुकटच गेला म्हणायचा?

हालतं_डुलतं
इथे मी येते, कारण शिव्या आमच्याच लोकांना पडणार. :)

मी फिजिओथेरपिस्ट. नुसत्या जेलवाल्या अल्ट्रासाउंडवर कंबर बरी होते याला भक्कम पुरावा नाही, हे आमच्यातले अभ्यास करणारे लोक मान्य करतात. ब्रिटनच्या नाइसच्या (कोणते उपचार द्यावेत याच्या सूचना काढणारी तिथली संस्था) २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत तो कंबरदुखीला देऊ नका असं सरळ लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यांतही तो नेहमीच्या उपचारात न धरण्याच्या यादीत आहे, ट्रॅक्शन आणि कमरेच्या पट्ट्याच्या जोडीला. तरी तो जागोजागी दिला जातो. कारण सरळ आहे. पेशंटला वाटतं काहीतरी 'केलं', आणि पाच मिनिटं मशीन फिरवणं हे अर्धा तास व्यायाम शिकवण्यापेक्षा सोपं.

पण चित्र दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा आमच्या कामात एक सुंदर उपयोग आहे, त्याबद्दल इकडे फार कुणी बोलत नाही. मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. कंबर दुखली की दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस आक्रसतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ लोकांत हा स्नायू सोनोग्राफीने मोजला. १९९६च्या त्यांच्या लेखात गंमत अशी की या स्नायूचा खास व्यायाम दिलेला आणि न दिलेला अशा दोन्ही गटांतल्या बहुतेकांचं दुखणं चार आठवड्यांत थांबलं, पण ज्यांना तो व्यायाम दिला नव्हता त्यांचा स्नायू दहा आठवड्यांनीही भरून आला नव्हता. २००१मध्ये त्यांनी पुढचं छापलं: वर्षभरात पुन्हा कंबर धरली ती व्यायामाच्या गटात ३० टक्के लोकांची, दुसऱ्या गटात ८४ टक्के.

आकडे बघून उडी मारू नका, माणसं थोडी होती. नंतरच्या मोठ्या आढाव्यांत जुनाट कंबरदुखीला हा खास व्यायाम बाकीच्या व्यायामांपेक्षा फारसा सरस ठरलेला नाही. पण पडद्यावर स्वतःचा स्नायू बघणं हा प्रकार भारी असतो. पालथं झोपवायचं, पोटाखाली उशी, प्रोब एल४-एल५च्या बाजूला उभा धरायचा. पेशंटला सांगायचं, विरुद्ध बाजूचा हात जरासा उचला. चांगल्या बाजूला स्नायू पडद्यावर टचकन जाड होतो. दुखऱ्या बाजूला कधी कधी ढिम्म हलत नाही आणि त्या जागी चरबी शिरलेली असेल तर तो भाग जास्त पांढरट दिसतो. 'पोट आत घ्या, पाठ ताठ करा' असं ओरडून जे कळत नाही ते पेशंटला दोन मिनिटांत कळतं.

निवृत्त_मोटरमन
मग बाई, आपल्याकडे फिजिओ लोक हे मशीन का ठेवत नाहीत? माझी कंबर पस्तीस वर्षं केबिनमध्ये बसून गेली, मला कुणी माझा स्नायू दाखवला नाही.

हालतं_डुलतं
काका, कायदा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली चित्र काढणारं प्रत्येक अल्ट्रासाउंड मशीन आणि ते ठेवलेली जागा नोंदवावी लागते. नोंदणीशिवाय मशीन विकतही मिळत नाही. आणि चालवणारा माणूस कायद्यात सांगितलेल्या पात्रतेचा डॉक्टर हवा. फिजिओथेरपिस्ट त्यात बसत नाही. कंबरेच्या स्नायूसाठी वापरतोय म्हटलं तरी मशीन तेच, गर्भही त्यातच दिसतो.

परळची_प्रोब
+१. यात महाराष्ट्र सगळ्यांच्या पुढे होता, आपला राज्याचा कायदा १९८८चा. देशाचा १९९४ला झाला, १९९६पासून लागू, २००३मध्ये आणखी कडक केला. भिंतीवरचा 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा बोर्ड त्याचाच. माझ्याकडे गुडघा दाखवायला आलेले आजोबा तो बोर्ड मोठ्याने वाचतात आणि 'आम्हाला विचारायचंच नाहीये' म्हणून हसतात. कायदा का आला हे आम्हाला ठाऊक आहे, तो सैल करा असं मी म्हणणार नाही. मात्र फिजिओ आणि रेडिओलॉजिस्ट एकाच छताखाली बसले तर हालतं_डुलतं म्हणतायत ते सहज करता येईल. फिजिओने व्यायाम घ्यायचा, आम्ही प्रोब धरायचा. मोठ्या रुग्णालयांत दोन्ही विभाग असतातच, मधला जिना तेवढा कुणी चढत नाही.

सुई_आणि_सूत
उशिरा आलो. भूलतज्ज्ञ आहे, गेली काही वर्षं पेन मेडिसिन करतो. @चौथी_सीट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, ते देतो.

एमआरआय हा आधी काढलेला स्थिर फोटो. इंजेक्शन देताना सुई या क्षणी कुठे आहे हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी दोन साधनं: सी-आर्म, म्हणजे चालू एक्स-रे, नाहीतर सोनोग्राफी. सी-आर्ममध्ये हाडं स्वच्छ दिसतात आणि डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून औषध नेमकं कुठे पसरतंय, रक्तवाहिनीत तर जात नाही ना, हे कळतं. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, स्नायू आणि रक्तवाहिन्या दिसतात, सुई सरकताना दिसते. पण सुईचं टोक खोल आणि तिरकं गेलं की हरवतं, आणि वजनदार माणसात चित्र धूसर होतं. म्हणून नसेच्या मुळाशी, मणक्याच्या छिद्रातून द्यायचं इंजेक्शन असेल तर मी सी-आर्मच घेतो. माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून द्यायच्या कॉडल इंजेक्शनला सोनोग्राफी मस्त: आडवा प्रोब ठेवला की हाडाचे दोन उंचवटे दिसतात, आम्ही त्याला 'बेडकाचे डोळे' म्हणतो, त्यांच्या मधून सुई जाते.

फॅसेटसाठी काय करतो ते सांगतो, कारण तुमचं तेच असावं असं वर्णनावरून वाटतं. (तपासल्याशिवाय ठाम सांगत नाही. मागे वाकल्यावर वाढणं हे फॅसेटकडे बोट दाखवतं, पण तेवढ्यावर निदान होत नाही.) पालथं झोपवून प्रोब आधी त्रिकास्थीवर (कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर) उभा ठेवतो. तिथे सलग पांढरी रेघ दिसते. वर सरकलं की ती तुटते, तो एल५-एस१चा, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांमधला सांधा. तिथून वर एकेक मणका मोजत जायचं. मग प्रोब आडवा करून सांध्याचा उंचवटा आणि शेजारचा आडवा काटा यांच्या मधला कोपरा शोधायचा. फॅसेटची वेदना वाहून नेणारी बारीक नस तिथूनच जाते. ती नस स्वतः दिसत नाही, तिची जागा दिसते. त्या कोपऱ्यात अर्धा मिली बधिर करणारं औषध. अगदी खाली एल५-एस१ला कटीचं हाड आडवं येतं, तिथे सोनोग्राफीने काम अवघड होतं.

आता मुद्द्याचं. हे इंजेक्शन आधी *तपासणी* आहे. सुन्न असलेल्या त्या काही तासांत, ज्याने दुखायचं नेमकं तेच करून बघायचं. तुमच्या बाबतीत उभं राहा, मागे वाका. दुखणं पार गेलं तर फॅसेट हे मूळ असण्याची शक्यता बळावते आणि त्या नसा रेडिओफ्रीक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) जाळायच्या का हा विचार पुढे येतो. फरक पडला नाही तर फॅसेटचा नाद सोडायचा. म्हणून पेन क्लिनिकमध्ये हे विचारा: हे निदानाचं इंजेक्शन आहे की उपचाराचं? निकाल हो आला तर पुढे काय, नाही आला तर पुढे काय? याला धड उत्तर नसेल तर थांबा.

तिरकस_तात्या
आता मी खराच प्रश्न विचारतो. २०२५मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात शिफारशी आल्या, त्यात जुनाट पाठ-कंबरदुखीला ही सगळी इंजेक्शनं आणि ते नसा जाळणं नकोच असं जोरात म्हटलंय. मग डॉक्टर, तुम्ही सुई कशाला उचलता?

सुई_आणि_सूत
रास्त प्रश्न. त्या शिफारशी मी वाचल्यात, आणि आमच्या क्षेत्रातल्या अनेकांना त्या पटलेल्या नाहीत. नाइसही नुसतं इंजेक्शन देऊन कंबर बरी करू नका असंच म्हणतं. पण बाकी उपचार करून झाले असतील, दुखणं बऱ्यापैकी तीव्र असेल आणि तपासणीचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) लागू पडला असेल तर रेडिओफ्रीक्वेन्सीचा विचार करा, इतकी जागा ते ठेवतं. मी त्या जागेत काम करतो. शिवाय मला रोज दिसतं ते असं की निवड नीट केली तर दहा जण आले त्यांतल्या बऱ्याच जणांना सुई लागतच नाही. त्यांना हालतं_डुलतं यांच्याकडे पाठवतो.

तिरकस_तात्या
उत्तर आवडलं. शब्द मागे घेतो, फी मात्र नाही.

संपादक मंडळ
सभासदांना विनंती: विशिष्ट डॉक्टर वा क्लिनिकची नावं, फोन नंबर आणि दर धाग्यावर टाकू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

गोरेगावकरीण
एक विचारू का? कंबरदुखीत थांबायचं नाही, लगेच पळायचं, असं कधी?

परळची_प्रोब
लघवी अडणं किंवा ताबा सुटणं, बसायच्या जागेचा भाग बधिर होणं, पाऊल लुळं पडून चप्पल निसटणं: यांत त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. ताप, घटतं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं: यांत दिरंगाई नको. आणि पंचवीस-तिशीतल्या पोराची कंबर सकाळी तासभर आखडत असेल, हालचालीने सुटत असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. आमच्याकडे असे लोक वर्षानुवर्षं पट्टा बांधून फिरून मग येतात.

निवृत्त_मोटरमन
चौथी_सीट, तुम्हाला एक अनाहूत सल्ला. उभं राहायचं तर दाराच्या गर्दीत नको, आतल्या पॅसेजमध्ये बाकाच्या हँडलला एक हात आणि एक पाय किंचित पुढे. आणि उतरायचं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधी हळूहळू सरका. शेवटच्या क्षणी घुसलात की कमरेला पीळ बसतो.

चौथी_सीट
काका, घाटकोपरला उठलो तरी कुर्ल्याला उतरता येईल याची खात्री नसते, तरी प्रयत्न करतो. :)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पेन क्लिनिकमध्ये फोन करून सुई_आणि_सूत यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. तिथले डॉक्टर म्हणाले, निदानाचंच आहे, पण सोबत थोडं स्टिरॉइड घालू म्हणजे 'एका दगडात दोन पक्षी'. मला गेल्या वर्षीपासून मधुमेहाची गोळी चालू आहे. चालेल का?

सुई_आणि_सूत
मधुमेह आहे हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. स्टिरॉइडने साखर काही दिवस चढते, कधी आठवडा-दोन आठवडेही. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्या काळात रोज बघा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना कळवून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण मनाने बंद करू नका.

दोन पक्ष्यांबद्दल: स्टिरॉइडचा असर दोन-तीन दिवसांनी सुरू होऊन काही आठवडे टिकू शकतो. मग बरं वाटलं ते नस सुन्न झाल्यामुळे की स्टिरॉइडमुळे, ते सांगता येत नाही. नुसतं बधिर करणारं औषध द्या म्हणा. आणि त्या दिवशी लोकलने जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या. ब्लॉक दिल्यावर पहिल्या चार-सहा तासांत दर अर्ध्या तासाला उभं राहून, मागे वाकून बघा आणि दुखणं दहापैकी किती ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आठवून सांगितलेला आकडा आमच्या फारसा कामाचा नसतो.

हालतं_डुलतं
आणि निकाल काहीही येवो, मंगळवारपासून व्यायाम. कोणता ते आधी बघून सांगेन, धाग्यावर नाही. विपु (विचारपूस) केली आहे.